झोरा नील हर्स्टन वाचायला घेण्यापूर्वी

प्रिय मुली,

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. लगेच उत्तर दिले नाही, कारण पहिल्या दोन दिवसांत जे सुचले ते निव्वळ सांत्वन होते, आणि सांत्वनावाचून तुझे काही अडलेले मला दिसत नाही. गावातल्या बायकांकडून तू जमवलेल्या ओव्या आणि आठवणी एका संपादकांनी ‘प्रमाण मराठीत आणून द्या, मग पाहू’ असा शेरा मारून परत केल्या. त्याच आठवड्यात झोरा नील हर्स्टन या अमेरिकन लेखिकेच्या बेवारस कबरीची हकिकत तुझ्या वाचनात आली, आणि या दोन गोष्टींची गाठ मारून तू मला विचारलेस, ‘बाई, शेवट असाच होणार असेल तर हे करायचे कशासाठी?’

तू तिची कबर पाहिलीस, तिचे पुस्तक अजून उघडले नाहीस. यात तुझा दोष नाही. कबरीची गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला हुरहूर लावणारी असल्यामुळे झोराविषयी लिहिणारे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. मी मात्र एका किराणा दुकानाच्या ओसरीपासून सुरुवात करणार आहे, कारण तिने आयुष्यभर जे लिहिले त्याचा उगम त्या ओसरीवर आहे.

फ्लोरिडा राज्यातले ईटनव्हिल हे छोटे गाव १८८७ साली रीतसर नगर म्हणून नोंदले गेले. त्याची स्थापना कृष्णवर्णीयांनी केली होती. नगराध्यक्ष, नगरसेवक, पोलीस, दुकानदार सगळे कृष्णवर्णीय. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम बावीस वर्षे झाली होती, हे ध्यानात घेतलेस म्हणजे या गोष्टीचे नवल कळेल. झोराचा जन्म १८९१ साली अलाबामातल्या नोटासुल्गा येथे झाला. ती अगदी लहान असताना कुटुंब ईटनव्हिलला आले. वडील जॉन हर्स्टन सुतारकाम करीत, चर्चमध्ये प्रवचन देत आणि पुढे त्या गावाचे नगराध्यक्षही झाले. गोऱ्या माणसाच्या नजरेत आपण कोण आहोत हा प्रश्न लहानपणी तिला पडलाच नाही, कारण ती नजर गावात राहायला नव्हती. जो क्लार्क यांच्या दुकानाच्या ओसरीवर संध्याकाळी पुरुषमंडळी जमत आणि गोष्टी सांगण्याची चढाओढ लागे. देव आणि सैतान, ससा आणि अस्वल, मालकाला चकवणारा हुशार गुलाम जॉन, असे त्या गोष्टींचे नायक असत. या गोष्टींना ते लोक ‘थापा’ म्हणत. आईने काही सामान आणायला पाठवले की ही पोर दुकानात जाई आणि परतताना पाय शक्य तितके जड करी. ‘सूर्याकडे उडी मारा, सूर्य हाती आला नाही तरी पाय तरी जमिनीवरून सुटतील,’ असे आई आपल्या मुलांना सांगत असे.

ही आई, ल्यूसी, १९०४ साली गेली. वडिलांनी लगेच दुसरे लग्न केले, सावत्र आईशी पटले नाही, शाळा सुटली, आणि पुढची बारा-तेरा वर्षे ती नातेवाइकांच्या घरी, लोकांची धुणीभांडी करीत, एका फिरत्या नाटक कंपनीतल्या गायिकेची मदतनीस म्हणून हिंडत राहिली. १९१७ साली ती बाल्टिमोरला पोहोचली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. मेरीलँड राज्यात कृष्णवर्णीय मुलांना विसाव्या वर्षापर्यंत शाळा मोफत होती. झोराने जन्मसाल १९०१ सांगितले, दहा वर्षे पुसून टाकली आणि सोळा वर्षांची मुलगी म्हणून वर्गात जाऊन बसली. ही दहा वर्षे तिने नंतर कधी परत घेतली नाहीत. मित्रांना, नवऱ्यांना, प्रकाशकांना, सगळ्यांना ती जन्मभर हेच किंवा याच्या आसपासचे साल सांगत राहिली. तू तेविसाव्या वर्षी ‘मला उशीर झाला’ असे लिहितेस, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

बाल्टिमोरनंतर वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ, तिथे पहिल्या कथा, आणि १९२५ च्या जानेवारीत न्यूयॉर्क. खिशात दीड डॉलर होता, असे ती आत्मचरित्रात सांगते. हार्लेममध्ये त्या वेळी कृष्णवर्णीय लेखक, कवी, चित्रकार यांची एक नवी पिढी उमलत होती. मे महिन्यातल्या एका साहित्यस्पर्धेच्या समारंभात तिला पारितोषिके मिळाली आणि तिथल्या ओळखींतून बर्नार्ड कॉलेजची शिष्यवृत्ती हाती आली. त्या कॉलेजात ती एकटीच कृष्णवर्णीय विद्यार्थिनी होती. तिथेच तिला फ्रान्झ बोआस भेटले. कोणतीही संस्कृती दुसरीपेक्षा जन्मतः हलकी नसते, हे मानववंशशास्त्रात ठामपणे मांडणारे ते गृहस्थ. त्यांच्यासाठी झोरा मोजमापाचे साधन घेऊन हार्लेमच्या रस्त्यावर उभी राहिली आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांची डोकी मोजू लागली. दुसरे कोणी असते तर लोकांनी चार शिव्या देऊन हाकलले असते, असे तिचा मित्र लँग्स्टन ह्यूज याने लिहून ठेवले आहे.

बोआस यांनी तिला १९२७ साली लोककथा गोळा करायला दक्षिणेत पाठवले, आणि येथून पुढचा भाग तुझ्यासाठी महत्त्वाचा आहे. ती सपशेल आपटली. तिने स्वतःच कबूल केले आहे की, बर्नार्डमध्ये कमावलेल्या घासूनपुसून केलेल्या उच्चारांत ती लोकांना विचारीत फिरली, ‘माफ करा, आपल्याला काही लोककथा किंवा लोकगीते ठाऊक आहेत का?’ ज्यांच्या रोमरोमांत त्या कथा भरल्या होत्या ते लोक मान हलवून म्हणत, नाही बुवा, पलीकडच्या गावात कोणाला असतील तर बघा. ज्या ओसरीवर ती वाढली, त्याच ओसरीसमोर ती आता कॉलेजची बाई होऊन उभी होती.

पुढच्या खेपेला, १९२८ च्या सुरुवातीस, ती पोक काउंटीतल्या लोमन या गावी लाकूड कापणाऱ्या कामगारांच्या वसाहतीत राहायला गेली. तिथेही पहिले काही दिवस कोणी जवळ येईना. कारण शोधता शोधता कळले की तिची चकचकीत शेव्हरोले गाडी पाहून लोकांनी तिला सरकारी हेर ठरवले होते. तेव्हा तिने हळूच सांगून टाकले की आपण चोरटी दारू विकत होतो आणि पोलिसांना चुकवून पळालो आहोत. दारूबंदीच्या त्या काळात यापेक्षा भरवशाची ओळख दुसरी नव्हती. तरीही नाचाच्या रात्री बायका तिच्याकडे पाहून बाजूला सरकत होत्या, कारण तिच्या अंगावर मेसीज या दुकानातला १२ डॉलर ७४ सेंटचा पोशाख होता आणि इतरांच्या अंगावर टपालाने मागवलेले १ डॉलर ९८ सेंटचे. हे आकडे तिने ‘म्यूल्स अँड मेन’ या १९३५ च्या पुस्तकात नोंदवून ठेवले आहेत. क्षेत्रकार्याची पद्धत शिकवणारी जाडजूड पुस्तके मी पुष्कळ वाचली, पण संशोधकाच्या अंगावरच्या कपड्याची किंमत लिहिणारे पुस्तक हे एकच पाहिले. मग तिने टेबलावर चढून त्यांच्याबरोबर गाणे म्हटले, आणि दुसऱ्या दिवसापासून गोष्टी आपण होऊन तिच्याकडे चालत आल्या.

१९३९ साली फ्लोरिडात सरकारी योजनेखाली तिच्या आवाजात काही गाणी मुद्रित झाली, ती आजही ऐकायला मिळतात. मुद्रण करणारा तिला विचारतो, तुम्ही गाणी शिकता कशी? ती सांगते की मी गर्दीत जाते, लोक गातात तशी त्यांच्याबरोबर गाते, येईपर्यंत गात राहते. मग त्यांनाच म्हणून दाखवते आणि ‘आता जमले’ असे ते म्हणतील तेव्हा थांबते. मुली, या उत्तरात परीक्षक कोण आहे ते पाहा. तू पाठवलेल्या ओव्या तुझ्या संपादकांनी पाहिल्या, मी पाहिल्या. पण ज्या बायकांनी त्या म्हटल्या त्यांना तू पुन्हा म्हणून दाखवल्यास का, हे तुझ्या पत्रात कुठे आलेले नाही.

याच काळातली एक गोष्ट जरा सावध होऊन वाच. १९२७ च्या डिसेंबरात झोराने शार्लट ऑसगुड मेसन या श्रीमंत गोऱ्या वृद्धेशी करार केला. दरमहा २०० डॉलर, मोटार आणि चलच्चित्र घेण्याचा कॅमेरा मिळणार होता. त्याबदल्यात जमवलेली सर्व सामग्री मेसनबाईंच्या मालकीची, आणि त्यांच्या परवानगीखेरीज झोराने ती कोठे छापायची नाही की दाखवायची नाही. या बाईंना ‘गॉडमदर’ म्हणायचे आणि आपले नाव जाहीर करायचे नाही, अशीही त्यांची इच्छा असे. आपल्या गावच्या गोष्टी आपणच गोळा करायच्या आणि त्या न्यूयॉर्कच्या पार्क अॅव्हेन्यूवरच्या एका घराच्या कपाटात जायच्या, हा सौदा झोराने चार-पाच वर्षे निभावला. तिला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. त्या पैशावाचून ते काम झालेच नसते. तुला मात्र एवढेच बजावते की शिष्यवृत्ती असो, प्रकल्प असो वा पुरस्कार, सहीपूर्वी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा आणि ध्वनिमुद्रणांची मालकी कोणाकडे राहणार हे स्पष्ट लिहून घ्यायचे.

आता कोसोलाकडे येते. अलाबामात मोबिल शहराच्या उत्तरेला आफ्रिकाटाउन नावाची वस्ती आहे. १८०८ पासून अमेरिकेत गुलाम आणण्यास कायद्याने बंदी होती, तरीही १८६० साली ‘क्लोटिल्डा’ नावाचे जहाज सुमारे ११० माणसे कोंबून चोरून मोबिलला आले, आणि मग पुरावा नाहीसा करण्यासाठी ते जाळून बुडवण्यात आले. (त्याचा सांगाडा २०१९ साली नदीत सापडल्याचे जाहीर झाले.) त्या जहाजातून आलेला ओलुआले कोसोला, अमेरिकेतले नाव कजो लुईस, १९२७ साली हयात होता आणि ऐंशी ओलांडलेला होता. झोरा त्याला भेटली, परत आली आणि त्याच्याविषयी एक लेख छापला. १९७२ साली एका अभ्यासकाच्या लक्षात आले की या लेखाचा बराचसा भाग एमा लँग्डन रोश या लेखिकेच्या १९१४ च्या पुस्तकातून उचललेला आहे. होय, चोरी होती. झोरावर प्रेम करणारे लोक या जागी घाईघाईने पान उलटतात. मी उलटत नाही, कारण त्यानंतर तिने काय केले हे त्यामुळेच नीट दिसते.

ती कोसोलाकडे पुन्हा गेली, आणि या वेळी घाई न करता. कधी पीच फळे नेली, कधी कलिंगड. कधी तो बोले, कधी म्हणे की आज मला बागेत काम आहे, तू जा. आणि ती जाई. कधी नुसते शेजारी बसून कलिंगड खाण्यात दिवस संपे. अशा तीनेक महिन्यांतून जे पुस्तक झाले ते ‘बॅराकून’. त्यात प्रश्न विचारणारी बाई हळूहळू मागे सरकते आणि म्हातारा बोलत राहतो: एकोणीस वर्षांचा असताना पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमी राज्याच्या सैन्याने गावावर घातलेला छापा, किनाऱ्यावरची कोठडी, समुद्र, साडेपाच वर्षांची गुलामी, सुटकेनंतर परत जाण्यासाठी पैसा साठवण्याचा फसलेला प्रयत्न, मग विकत घेतलेली जमीन, सहा मुले, ती सहाही गमावणे, आणि बायकोचा मृत्यू. आपल्या पूर्वजांना पकडून विकणारे हातही काळेच होते, ही गोष्ट त्याच्या तोंडून ऐकताना झोराला फार लागली. तिने ती लपवली नाही. छायाचित्र काढायचे ठरले तेव्हा कोसोलाने ठेवणीतला सूट घातला आणि बूट मात्र काढून टाकले, कारण आफ्रिकेत असल्यासारखे दिसायचे होते. आणि उभा राहिला तो आपल्या माणसांच्या कबरींमध्ये. आपली हकिकत सांगण्याचे कारणही त्याने दिले आहे: कधीतरी कोणी त्या मातीत जाऊन माझे नाव घेईल, आणि तिथला कोणी म्हणेल, हो, कोसोलाला मी ओळखतो.

१९३१ साली हे हस्तलिखित प्रकाशकाकडे गेले. व्हायकिंग प्रेसने उत्सुकता दाखवली, पण अट अशी घातली की बोलीत नको, भाषेत लिहा. शब्द पाहिलेस? बोली म्हणजे भाषा नव्हे, हे त्या वाक्यात गृहीतच होते. तुझ्या संपादकांचा शेरा आणि हा शेरा यांत नव्वदाहून अधिक वर्षांचे आणि दोन समुद्रांचे अंतर आहे, पण कागद ओळखीचा वाटतो. त्या वेळी अमेरिकेत महामंदी होती, झोराला पैशाची निकड होती, आणि तरीही तिने कोसोलाच्या तोंडचा एक शब्द बदलला नाही. पुस्तक पडून राहिले. ते छापले गेले २०१८ साली, तिच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

मला येथे माझे एक जुने पाप सांगितले पाहिजे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मी जात्यावरच्या ओव्या टेप करीत हिंडत होते, तेव्हा एका आजींच्या ओव्या उतरवताना त्यांच्या ‘म्या’चा मी ‘मी’ केला, आणि चरणाच्या अधूनमधून येणारे ‘गं’ आणि ‘बाई’ फालतू भरताड म्हणून काढून टाकले. छापून आल्यावर वही घेऊन कौतुकाने त्यांना वाचून दाखवायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकले, जात्याच्या खुंट्याला हात घातला आणि म्हणाल्या, ‘बाई, हे दळाय येत नाय.’ त्या ‘गं’वर हात पुढे जात होता आणि ‘बाई’वर पाळू अर्धा फेरा पूर्ण करीत होती. मी ओवीचे दळणच काढून घेतले होते. तोपर्यंत मी झोराचे नावही ऐकले नव्हते.

तिचे नाव मला उशिरा कळले, याला एक कारण आहे असे मला वाटते. आपल्याकडे कृष्णवर्णीयांचे साहित्य प्रामुख्याने विद्रोहाच्या वाटेने आले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तीच अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून नाव घेऊन. त्या पिढीला आपल्या रागाशी नाते सांगणारा राग हवा होता, आणि तो रास्त होता. झोराच्या पुस्तकांत राग आहे, पण तो पुढच्या दाराने येत नाही. आणि नेमक्या याच मुद्द्यावर तिच्या हयातीतच तिच्यावर मोठा वार झाला.

‘देअर आईज वेअर वॉचिंग गॉड’ ही कादंबरी तिने १९३६ च्या अखेरीस, गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर हैतीमध्ये असताना, सात आठवड्यांत लिहिली. १९३७ च्या सप्टेंबरात ती प्रसिद्ध झाली. जेनी नावाची स्त्री तीन संसारांतून जाते. पहिला आजीने सुरक्षिततेसाठी लावून दिलेला, साठ एकरांचा आणि कोरडा. दुसरा नगराध्यक्षाचा: तो तिला डोक्याला फडके बांधून दुकानात बसवतो आणि ओसरीवरच्या गप्पांत तोंड उघडू देत नाही. तिसरा टी केक नावाच्या, तिच्याहून लहान वयाच्या मजुराशी, ज्याच्याबरोबर ती शेतात घेवडा तोडते, सोंगट्यांचा डाव मांडते आणि गोष्टी सांगायला शिकते. मग १९२८ चे ओकीचोबी सरोवराचे वादळ येते. या खऱ्याखुऱ्या वादळात अडीच हजारांच्या आसपास माणसे मेली, आणि त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय शेतमजूर होते. वादळानंतर टी केकला बंदुकीच्या धाकाने प्रेते पुरण्याच्या कामाला लावतात आणि हुकूम असा की शवपेट्या फक्त गोऱ्यांसाठी, काळ्यांना चुना टाकून खड्ड्यात. प्रेते इतकी फुगलेली असतात की रंग ओळखू येत नाही, तेव्हा केस तपासून ठरवा, असे सांगितले जाते. झोरा यावर एकही वाक्य भाष्य करीत नाही. टी केक मात्र सोबत्याला म्हणतो की, ही प्रेते न्यायनिवाड्याला कोणत्या अवस्थेत जातात याची या लोकांना भारीच काळजी दिसते. देवाला हा काळ्या-गोऱ्याचा कायदा ठाऊक नसावा, असे त्यांना वाटते बहुधा.

रिचर्ड राइट या तरुण, डाव्या विचारांच्या कृष्णवर्णीय लेखकाने ‘न्यू मासेस’ या नियतकालिकात लिहिले की या कादंबरीला विषय नाही, संदेश नाही, विचार नाही, आणि गोऱ्या वाचकाला हसवण्यासाठी ती लिहिली आहे. त्याची मोठी कादंबरी अजून यायची होती. अन्यायाचा कडेलोट दाखवणारे साहित्य त्याला हवे होते, आणि ते त्याने नंतर ताकदीने लिहिलेही. पण बायका परसदारी बसून एकमेकींना आयुष्य सांगतात हा विषयच नव्हे, हे त्याचे मत मला तेव्हाच्या काळाच्या मानानेही कोते वाटते. तू कादंबरी वाचशील तेव्हा तिची भाषा कशी चालते ते पाहा. निवेदन सुरुवातीला सुशिक्षित इंग्रजीत असते, संवाद फ्लोरिडाच्या कृष्णवर्णीय बोलीत. आणि जसजशी जेनीला वाचा फुटत जाते तसतशी ती बोली निवेदनात झिरपू लागते, इतकी की काही वाक्ये लेखिकेची की जेनीची हे सांगता येऊ नये. बोली अवतरणचिन्हांच्या कुंपणात ठेवून बाकी सगळे प्रमाणात लिहायचे, ही तडजोड तुझ्या मनात घोळते आहे असे दिसते. तिचा निर्णय करण्याआधी ही कादंबरी वाच. तिच्या संवादांचे मराठी करून मी येथे देत नाही. ते वऱ्हाडीत आणले काय किंवा मालवणीत, कोणत्याही बोलीत आणले की आपली माती त्याला चिकटते आणि माणसे भलत्याच गावची होतात.

नंतरची वर्षे मी भरभर सांगते. पुस्तके येत राहिली: हैती-जमैकाचे वृत्तान्त, मोझेसवरची कादंबरी, १९४२ चे आत्मचरित्र. पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर त्या आत्मचरित्रातली पाश्चात्त्य साम्राज्यवादावरची कडक टीका काढून टाकण्यात आली. १९४८ साली तिच्यावर एक किळसवाणा खोटा आरोप झाला. आरोपात सांगितलेल्या काळात ती परदेशात होती हे सिद्ध होऊन खटला निकालात निघाला, पण बातमी पसरायची ती पसरली. १९५० साली मायामीत ती मोलकरीण म्हणून काम करीत असताना मालकिणीने मासिक उघडले तर त्यात आपल्याच मोलकरणीची कथा. झोराने हसत सांगितले की नव्या लेखनासाठी जरा अनुभव घेते आहे. कोणत्याही एका पुस्तकावर तिला मिळालेली सर्वांत मोठी मानधनाची रक्कम ९४३ डॉलर ७५ सेंट होती.

आणि १९५५ साली तिने वर्तमानपत्राला ते पत्र लिहिले, ज्यामुळे आजही तिच्या चाहत्यांना अवघडल्यासारखे होते. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालाला तिने विरोध केला होता. काळ्या मुलाला गोऱ्या मुलाशेजारी बसल्याशिवाय शिक्षण मिळत नाही, हे गृहीतकच तिला अपमानाचे वाटले. ईटनव्हिलच्या लेकीचे हे म्हणणे कोठून आले ते कळते. पण सगळी गावे ईटनव्हिल नव्हती. दक्षिणेतल्या असंख्य मुलांना गळकी छपरे आणि गोऱ्या शाळांनी टाकून दिलेली फाटकी पुस्तके मिळत होती, आणि ते तिने पाहिले नाही असे म्हणणेही कठीण आहे. मला ती येथे चुकलेली वाटते. आपल्याला आवडलेल्या माणसाची चूक चूक म्हणून लिहिता आली पाहिजे. तुझ्या प्रबंधात एका आजींच्या जातीविषयीच्या ओव्या तू गाळल्या आहेस, ते माझ्या लक्षात आले आहे.

आता कबर. शेवटची दोन-तीन वर्षे झोरा फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्स येथे होती. स्थानिक कृष्णवर्णीय साप्ताहिकात लिहायची, शाळेत बदली शिक्षिका म्हणून जायची आणि हेरोद राजावरचे एक मोठे पुस्तक लिहीत होती. १९५९ साली पक्षाघात झाला, सरकारी निराधारगृहात जावे लागले, आणि २८ जानेवारी १९६० रोजी ती गेली. तिच्या अंत्यविधीला कोणी नव्हते अशी तुझी समजूत झालेली दिसते. ती खरी नाही. शेजारी, विद्यार्थी, मित्र यांनी वर्गणी काढली आणि शंभरावर माणसे जमली. दगड बसवण्यापुरते पैसे मात्र उरले नाहीत. याच बाईने १९४५ साली विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून सुचवले होते की, फ्लोरिडात शंभर एकर जमीन घेऊन नामवंत कृष्णवर्णीयांसाठी एक स्मशानभूमी करावी, म्हणजे मरताना कितीही निर्धन असला तरी आपला कोणी मोठा माणूस विस्मरणात पडून राहणार नाही. त्यांनी ते मनावर घेतले नाही.

मृत्यूनंतर तिची खोली रिकामी करताना कागदपत्रे बाहेर काढून पेटवून देण्यात आली. तिला ओळखणारे पॅट्रिक डुव्हाल हे कृष्णवर्णीय पोलीस अधिकारी तेथून जात होते. त्यांनी धूर पाहिला, गाडी थांबवली आणि पाण्याच्या नळीने आग विझवली. हेरोदचे हस्तलिखित कडा जळलेल्या स्थितीत वाचले. आज ते फ्लोरिडा विद्यापीठात आहे, आणि २०२५ च्या जानेवारीत ते पुस्तकरूपाने आले.

१९७३ च्या ऑगस्टमध्ये अॅलिस वॉकर ही तरुण कृष्णवर्णीय लेखिका झोराची कबर शोधत फोर्ट पिअर्सला आली. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. लोकांनी माहिती द्यावी म्हणून तिने आपण झोराची भाची असल्याचे सांगितले. ओसरीवरच्या त्या थापा तुला आठवल्या असतील. कमरेइतक्या गवतात, सापांच्या भीतीने पाय टाकीत, तिने झोराला नाव घेऊन हाक मारली आणि एका खोलगट जागी तिचा पाय रुतला. तीच कबर मानायची ठरले. काळा, भारी दगड परवडेना, म्हणून साधा करडा घेतला. त्यावर ‘दक्षिणेतली प्रतिभावंत’ असे कोरले, कादंबरीकार, लोकसाहित्याची अभ्यासक, मानववंशशास्त्रज्ञ असे लिहिले, आणि साल घातले १९०१ ते १९६०. बाल्टिमोरच्या शाळेत पुसलेली दहा वर्षे दगडावरही पुसलेलीच राहिली. वॉकरचा लेख १९७५ साली आला, रॉबर्ट हेमेनवे यांनी लिहिलेले झोराचे चरित्र १९७७ मध्ये, आणि १९७८ साली इलिनॉय विद्यापीठाच्या प्रकाशनाने कादंबरी पुन्हा छापली. त्यापूर्वी अध्यापक तिच्या छायाप्रती काढून वर्गात वाटत असत.

तुझ्या प्रश्नाला मी सरळ उत्तर दिलेले नाही, हे मला ठाऊक आहे. त्याऐवजी काम सांगते. संपादकांना नम्र उत्तर लिही: मजकूर बदलणार नाही, कठीण शब्दांचा अर्थ तळटीपांत देईन. मूळ ध्वनिमुद्रणांच्या तीन प्रती काढ; एक घरी, एक माझ्याकडे, एक एखाद्या ग्रंथालयात, आणि प्रत्येकीवर गाणारीचे नाव, गाव, तारीख. बायकांकडे परत जा आणि त्यांच्याच ओव्या त्यांना म्हणून दाखव; कोण कुठे हसते ते टिपून ठेव. ‘म्यूल्स अँड मेन’ आधी वाच, कादंबरी नंतर, ‘बॅराकून’ सगळ्यांत शेवटी.

येत्या रविवारी ये. वही आणू नकोस, मुद्रणे आण. मी माळ्यावरून जुन्या कॅसेट काढून ठेवल्या आहेत. त्या आजींची फीत अजून वाजते. माझ्या वहीतल्या त्यांच्या ओव्या पुन्हा लिहून काढायच्या आहेत, आणि माझे कान आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. ‘गं’ कुठे कुठे येतो ते तू ऐकून सांग.

तुझी,
बाई